दंतवल्काची घडण आणि मांडूच्या पायथ्याचे पाणी

आपल्या शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ कोणता, असे कोणी विचारले तर बहुतेक जण हाडाचे नाव घेतील. वास्तविक तो मान दाताच्या वरच्या पांढऱ्या आवरणाचा आहे. शास्त्रीय मराठीत त्याला दंतवल्क म्हणतात. वल्क म्हणजे साल. इंग्रजी शिकलेली मंडळी त्याला एनॅमल म्हणतात, आणि स्वयंपाकघरातील एनॅमलच्या ताटल्या डोळ्यांसमोर असल्यामुळे त्यांचा असा समज होतो, की हाही दातावर मागाहून चढवलेला एक मुलामा असावा. तसे मुळीच नाही. दात हिरडीबाहेर येण्याच्या कितीतरी आधी, कोणाच्या दृष्टीस न पडता, दंतवल्क कणाकणाने रचले जाते. आणि दात बाहेर आला की ते रचणाऱ्या पेशी कायमच्या नाहीशा झालेल्या असतात.

जयंतीच्या स्मरणिकेत असला रूक्ष विषय कशासाठी, असे काही वाचकांना वाटेल. त्याचे कारण आपल्याच भागात आहे. धार, झाबुआ आणि अलीराजपूर या जिल्ह्यांतील पुष्कळ गावांत मुलांच्या पुढच्या दातांवर खडूसारखे पांढरे पट्टे किंवा तपकिरी डाग दिसतात. आई म्हणते, "याचे दुधाचे दात मोत्यासारखे होते हो, नवे आले ते असे आले." शेजारीपाजारी म्हणतात, पोरगा दात घासत नाही. मुलगी असेल तर ती तोंडावर पदर किंवा हात धरून हसायला शिकते, आणि लग्नाच्या वेळी हा विषय कुजबुजत निघतोच. या प्रत्येक बोलण्यात काय खरे व काय खोटे, हे दंतवल्क कसे घडते ते समजून घेतल्याशिवाय उमगत नाही. म्हणून थोडा धीर धरून आधी तो भाग पाहू.

दाताची कळी

गर्भ सहा आठवड्यांचा असतो तेव्हा त्याची लांबी बोटाच्या पेराएवढीही नसते. त्या वेळी त्याच्या तोंडातील अस्तराचा एक पट्टा घोड्याच्या नालासारख्या आकारात जाड होऊ लागतो. वरच्या जबड्यात एक व खालच्या जबड्यात एक असे हे दोन पट्टे. त्यांवर पुढे प्रत्येकी दहा, म्हणजे एकूण वीस उंचवटे फुटतात. हीच दुधाच्या वीस दातांची बीजे. आधी त्यांचा आकार कळीसारखा असतो, मग खालून खोलगट होऊन टोपीसारखा होतो आणि अकराव्या-बाराव्या आठवड्याच्या सुमारास घंटेसारखा. पुढे जो दात सुळा व्हायचा त्याची घंटा टोकदार आणि जी दाढ व्हायची तिची घंटा खड्ड्याउंचवट्यांची. म्हणजे एक कणही खनिज बसण्याआधी दाताचे रूप ठरलेले असते.

या घंटेत दोन प्रकारच्या पेशी समोरासमोर उभ्या राहतात. एका बाजूला तोंडाच्या अस्तरापासून आलेल्या, दंतवल्क रचणाऱ्या. त्यांना आपण दंतवल्कपेशी म्हणू. दुसऱ्या बाजूला आतल्या मऊ गरातून आलेल्या, दाताचा मुख्य भाग म्हणजे दंतिन रचणाऱ्या. प्रथम दंतिनाचा पातळ थर पडतो. तो पडला की दंतवल्कपेशींना जणू निरोप मिळतो व त्या कामाला लागतात. काम जसजसे वाढते तसतशा दोन्ही फळ्या एकमेकींपासून मागे मागे सरकत जातात, आणि मधल्या जागेत आतून दंतिन व बाहेरून दंतवल्क असा दात उभा राहतो. काम दाताच्या टोकापासून सुरू होते व मानेपर्यंत उतरत येते. टोक सर्वांत जुने, हिरडीजवळचा भाग सर्वांत नवा. ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे तिचा उपयोग आहे.

सेंट्रिंग आणि स्लॅब

दंतवल्क तयार झाल्यावर वजनाने त्याचा सुमारे ९६ टक्के भाग खनिज असतो. उरलेले थोडे पाणी आणि जेमतेम १ टक्का सेंद्रिय पदार्थ. दगड म्हणावा इतके ते खनिजमय असते. पण जन्मतः ते तसे नसते. पहिल्या पायरीत दंतवल्कपेशी जे बाहेर टाकतात ते मुख्यतः प्रथिन असते. ॲमेलोजेनिन नावाचे एकच प्रथिन त्याचा सुमारे ९० टक्के भाग व्यापते. या प्रथिनाच्या आधाराने खनिजाचे अतिशय बारीक, लांब, फितीसारखे स्फटिक उभे राहतात. या अवस्थेतले दंतवल्क पनीरासारखे मऊ असते, नखाने खरवडता येईल असे.

खनिजाचे नाव हायड्रॉक्सीॲपटाईट. त्याच्या एका घटकात १० कॅल्शियम, ६ फॉस्फेट व २ हायड्रॉक्सिल असा हिशेब असतो. जुन्या पाठ्यपुस्तकांत कॅल्शियमला खटिक म्हणत, ते ज्यांना आठवते त्यांनी तसे वाचावे. हाडातही हेच खनिज असते, पण हाडातले स्फटिक फार लहान आणि दंतवल्कातले फार लांब. हे स्फटिक हजारोंनी एकत्र बांधले जाऊन त्यांच्या दंडिका बनतात. एकेक दंडिका ४-५ मायक्रॉन जाडीची, आणि दंतिनापासून दाताच्या पृष्ठभागापर्यंत नागमोडी जाणारी. सरळ असत्या तर सुपारी फोडताना दात उभा चिरला असता.

दुसरी पायरी पक्वतेची, आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने हीच महत्त्वाची. घराचा स्लॅब घालताना कारागीर आधी फळ्यांचे सेंट्रिंग बांधतात, त्यावर काँक्रीट ओततात, आणि ते आवळल्यावर फळ्या काढून घेतात. दंतवल्कातले प्रथिन हे असे सेंट्रिंग आहे. दंतवल्काची पूर्ण जाडी भरली की पेशी आपला धंदा बदलतात. आजवर प्रथिन घालणाऱ्या पेशी आता ते कापणारी विकरे सोडतात, तुकडे झालेले प्रथिन शोषून घेतात, आणि मोकळ्या झालेल्या जागेत कॅल्शियम व फॉस्फेट पाठवतात. फितीसारखे स्फटिक जाड होत होत एकमेकांना भिडतात. स्फटिक वाढताना आम्ल सुटते. ते साठले तर बनलेले खनिज परत विरघळेल, म्हणून याच पेशी बायकार्बोनेट सोडून ते आम्ल मारतात. खायच्या सोड्याने आंबटपणा मारावा त्यातलाच हा प्रकार. कायमच्या दातात ही पक्वता काही महिन्यांची नसून काही वर्षांची असते.

या कामात पेशींची संख्याही घटत जाते. सुरुवातीला असलेल्या पेशींपैकी सुमारे निम्म्या काम पुरे होण्याआधीच मरून जातात, आणि उरलेल्या दात बाहेर पडताना झडतात. हाड मोडले तर सांधते, कारण हाडात जिवंत पेशी आहेत. दंतिनही थोडेफार नवे पडू शकते. दंतवल्क मात्र एकदाच मिळते. लाळेतले कॅल्शियम व फॉस्फेट त्याच्या वरवरच्या झिजेची थोडी भरपाई करते, पण खड्डा पडला तर तो भरून काढायला घरात कारागीरच उरलेला नसतो.

येथे एक विषयांतर करतो. दुधाचा दात पडला की तो कौलावर टाकून किंवा उंदराच्या बिळापाशी ठेवून उंदराकडे त्याच्या दातासारखा दात मागायची रीत आपल्या घरांतून होती. ज्याने ही रीत घातली त्याची निरीक्षणशक्ती दांडगी म्हणायची. उंदराच्या पुढच्या दातांच्या मुळाशी दंतवल्कपेशी जन्मभर जिवंत राहतात. तो दात जितका झिजतो तितका मागून वाढत येतो. शिवाय त्याला दंतवल्क फक्त पुढच्या बाजूने असते. मागची मऊ बाजू लवकर झिजते व पुढची धार सदैव पाजळलेली राहते. दंतवल्काविषयी आज जे ज्ञान आहे त्याचा मोठा हिस्सा प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या या दातांनीच दिलेला आहे. मागणे उंदराकडेच केले हे योग्य झाले. मिळाले नाही एवढेच.

कोणत्या वयात कोणता दात

दुधाच्या पुढच्या दातांत खनिज बसायला गर्भाच्या चौदाव्या आठवड्याच्या सुमारास सुरुवात होते, आणि एकोणिसाव्या आठवड्यापर्यंत दुधाच्या सर्व दातांत ती झालेली असते. पुढच्या मधल्या दातांचे दंतवल्क बाळ दीड महिन्याचे होईतो पुरे होते, शेवटच्या दुधाच्या दाढेचे बाळ सुमारे अकरा महिन्यांचे होईतो. म्हणजे दुधाच्या दातांचा मोठा भाग आईच्या पोटातच घडतो. बाळंतिणीच्या खाण्यापिण्याकडे लक्ष देणाऱ्या आपल्या आज्या दाताच्या बाबतीत चार-पाच महिने उशीरच करीत होत्या; लक्ष गर्भारपणी द्यायला हवे होते.

कायमच्या दातांचे वेळापत्रक निराळे. पहिली कायमची दाढ, जी सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागून मुकाट्याने येते व जिला पुष्कळ आईबाप दुधाचीच समजतात, तिच्यात जन्माच्या सुमारास खनिज बसू लागते आणि अडीच-तीन वर्षांच्या वयात तिचे दंतवल्क पुरे होते. पुढचे मधले दात तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून चौथ्या-पाचव्या वर्षापर्यंत. सुळे सहा-सात वर्षांपर्यंत. दुसरी दाढ अडीच-तीन वर्षांपासून सात-आठ वर्षांपर्यंत. अक्कलदाढ सोडली तर आठव्या वर्षापर्यंत सगळा कारभार आटोपलेला असतो. मूल आठ वर्षांचे होईपर्यंत जे काही बरेवाईट व्हायचे ते होऊन जाते, आणि दिसते मात्र दात बाहेर आल्यावर, कधी कधी पाच-सहा वर्षे उशिरा. आईला वाटते दुखणे आजचे आहे. ते त्या पोराच्या रांगण्याच्या दिवसांतले असते.

दातातली रोजनिशी

दंतवल्क दिवसाला सुमारे ४ मायक्रॉन या गतीने पडते. डोक्याचा एक केस साधारण ७० मायक्रॉन जाड धरला तर तेवढी जाडी व्हायला सतरा-अठरा दिवस लागतात. दिवसाच्या कामाची एक बारीक खूण दंडिकेवर उमटते, आणि सुमारे आठवड्याने एक ठळक रेघ. दाताचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तर झाडाच्या बुंध्यातील वर्तुळांसारख्या या रेघा मोजता येतात. जन्माच्या वेळी बाळाच्या शरीरात जी उलथापालथ होते तिचीही एक स्वतंत्र रेघ दुधाच्या दातांत व पहिल्या कायमच्या दाढेत सापडते. जबर ताप, उपासमार, 'ड' जीवनसत्त्वाचा अभाव, असे काही घडले की पेशी काही दिवस काम थांबवतात किंवा अर्धवट करतात. मग दातावर खाच किंवा खळगा राहतो. वर सांगितलेला नियम येथे उपयोगी पडतो. खाच टोकाजवळ असेल तर दुखणे लवकरचे, मानेजवळ असेल तर उशिराचे.

याचे फार बोलके उदाहरण महाराष्ट्रात आहे, आणि त्याचा धागा आपल्या माळव्याशी जुळतो. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या सांकळिया, ढवळीकर आणि अन्सारी या पुरातत्त्वज्ञांनी तेथे १९६८ पासून १९८३ पर्यंत उत्खनन केले. इ. स. पू. १६०० च्या सुमारास तेथे वस्ती करणारे पहिले शेतकरी माळवा संस्कृतीचे होते. त्याच संस्कृतीची रंगीत मडकी सांकळियांना आधी महेश्वरसमोरच्या नावडातोलीला, म्हणजे मांडूच्या कड्यावरून दक्षिणेला दिसणाऱ्या नर्मदेच्या खोऱ्यात, १९५२-५३ पासून सापडली होती. इनामगावचे लोक आपली गेलेली मुले घराच्या जमिनीखालीच पुरत. दोन रांजण तोंडाला तोंड लावून आडवे ठेवायचे व त्यांत बाळ ठेवायचे. आईबापांनी आपली बाळे उंबऱ्याच्या आत ठेवली, म्हणून तीन हजार वर्षांनी त्यांचे दात आपल्या हाती आले.

त्या दातांचा अभ्यास अमेरिकन मानवशास्त्रज्ञ जॉन लुकाच आणि डेक्कन कॉलेजचे सुभाष वाळिंबे यांनी केला. दुधाच्या सुळ्यांच्या पुढच्या बाजूला त्यांना वाटोळे लहान खळगे आढळले. हा खळगा जन्माच्या आसपास व पुढच्या काही महिन्यांत पडतो. त्या वयात सुळ्यावरचे जबड्याचे हाड नीट पोसलेले नसले, पातळ राहिले, तर आत घडत असलेल्या मऊ दाताला बाहेरचा दाब वा धक्का लागतो, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. आईला व बाळाला पुरेसे सकस अन्न मिळत नव्हते याची ती खूण. ज्या बाळांची नावे, गोत्रे, भाषा यांपैकी काहीही उरले नाही, त्यांचे पहिले काही महिने कसे गेले हे दंतवल्काने सांगितले. त्या खळग्यांच्या प्रमाणावरून इनामगावच्या निरनिराळ्या काळांतील मुलांच्या प्रकृतीची तुलना करता आली. लिपी नसलेल्या लोकांचा इतिहास म्हणतात तो हा.

पाण्यातला फ्लोराईड

आता आपल्या गावांतील डागांकडे येऊ. अमेरिकेत कोलोराडो स्प्रिंग्ज येथे १९०१ साली फ्रेडरिक मॅके नावाचा तरुण दंतवैद्य व्यवसायाला बसला. तेथल्या मुलांचे दात तपकिरी डागांनी भरलेले होते. कारण पाण्यात असावे असा तर्क त्याने केला, पण पाण्यात काय, ते कळेना. आयडाहो प्रांतातील ओकली गावात आयाबायांनी त्याला सांगितले, की नव्या झऱ्यावरून नळ आणल्यापासून हे डाग दिसू लागले. तो नळ बंद करून दुसरे पाणी घ्या, असे त्याने १९२० च्या दशकात सुचवले. गावाने ऐकले, आणि काही वर्षांत लहान मुलांचे नवे दात निर्मळ आले. शेवटी १९३१ साली चर्चिल नावाच्या रसायनज्ञाने पाण्यात फ्लोराईड दाखवले. भारतात १९३७ साली शॉर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेव्हाच्या मद्रास इलाख्यातील नेल्लोर भागात फ्लोराईडने हाडे ताठ झालेल्या माणसांचे वर्णन प्रसिद्ध केले. मला यात मॅकेपेक्षा ओकलीच्या बायकांचे कौतुक अधिक वाटते. मुलाच्या तोंडाकडे त्या रोज पाहत होत्या.

फ्लोराईड करते काय, तर सेंट्रिंग वेळेवर निघू देत नाही. पक्वतेच्या काळात ते प्रमाणाबाहेर असले की प्रथिनाचे तुकडे होणे व बाहेर जाणे मंदावते. जागा अडकून राहते, स्फटिक पुरेसे भरत नाहीत, आणि पृष्ठभागाखालचे दंतवल्क सच्छिद्र राहते. अशा दाताचा भाग प्रकाशात पांढरा, खडूसारखा दिसतो. तपकिरी रंग मात्र जन्मजात नसतो. दात बाहेर आल्यावर अन्नपाण्यातला रंग त्या छिद्रांत मुरतो. म्हणून डाग घासून जात नाही, आणि न घासल्यामुळे तो आलेलाही नसतो. पोराला मारू नये.

दुधाचे दात चांगले व कायमचे वाईट, हे कोडेही आता सुटते. दुधाचे दात बरेचसे पोटात घडले. तेथे वार फ्लोराईडला काही प्रमाणात अडवते, आणि पुढे आईच्या दुधात फ्लोराईड फारच थोडे उतरते, आई कोणतेही पाणी पीत असली तरी. कायमच्या पुढच्या दातांचा नाजूक काळ येतो तो मूल अंगावरून सुटून विहिरीचे पाणी पिऊ लागते त्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी. या दोषाची दुसरी ओळख अशी, की तो जोडीने असतो. डावीकडे जसा तसाच उजवीकडे, आणि पट्टे आडवे. एकाच दातावर एकच डाग असेल तर त्याचे कारण बहुधा निराळे असते, उदाहरणार्थ त्या जागच्या दुधाच्या दाताला झालेली इजा किंवा पू.

हे पाणी कोठून आले? काही खडकांत फ्लोराईड असलेली खनिजे असतात. पाऊस जमिनीत मुरून त्यांच्यातून वर्षानुवर्षे झिरपला की ते पाण्यात उतरते, आणि ज्या पाण्यात कॅल्शियम कमी व खारेपणा वेगळ्या जातीचा, सोड्याच्या बाजूचा असतो त्यात अधिक उतरते. जितके खोल पाणी तितका हा धोका सामान्यतः अधिक. उघड्या विहिरींच्या काळात तो कमी होता. पण उघड्या, पायऱ्यांच्या विहिरींत नारूचे जंतू वाहणारे सूक्ष्म जलकीटक असत, आणि नारूने या भागातील माणसे ऐन पेरणीत अंथरुणाला खिळत. नारू घालवण्यासाठी पायऱ्यांच्या विहिरी बंद करून गावोगाव विंधणविहिरी व हातपंप बसवले गेले. देशातील नारूचा शेवटचा रोगी जुलै १९९६ मध्ये नोंदला गेला आणि २००० साली भारत नारूमुक्त ठरला. ही फार मोठी कामगिरी आहे, तिला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. तथापि नारू निघाला त्याच खोल पाण्यातून पुष्कळ गावांत फ्लोराईड वर आले. एका पिढीचे पाय वाचले व पुढच्या पिढीचे दात गेले. जेथे प्रमाण अधिक तेथे हाडेही. महाराष्ट्रात चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांची गत हीच आहे.

मांडू पाहायला पाहुणे आले की आपण त्यांना जहाज महाल दाखवतो आणि रूपमतीची गोष्ट सांगतो. पण गच्चीवरच्या नागमोडी नाल्या व पन्हळी मुद्दाम थांबून पाहाव्यात. समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरहून उंच अशा त्या पठारावर बाहेरून वाहत येणारी नदी नाही. पडेल तो पाऊस छपरांवरून, अंगणांतून उतरवून मुंज तलाव, कपूर तलाव, चंपा बावडी अशा ठिकाणी साठवण्याशिवाय त्या राजधानीला गत्यंतर नव्हते. पावसाच्या पाण्यात फ्लोराईड नसल्यात जमा असते. पठाराखालच्या निमाडातील हातपंपाशेजारी राहणाऱ्या आजच्या मुलापेक्षा पंधराव्या शतकातील मांडूच्या भिश्त्याचे मूल या एका बाबतीत अधिक सुखी होते, असे म्हणायला हरकत नाही. बाकीच्या बाबतींत नसावे.

येथे एक गैरसमज टाळला पाहिजे. फ्लोराईड हे विषच, असे ठरवून कोणी दंतमंजन फेकून देऊ नये. बाहेर आलेल्या दाताच्या पृष्ठभागावर थोडेसे फ्लोराईड मिळाले तर स्फटिकातील हायड्रॉक्सिलची जागा ते घेते व तो भाग आम्लाला दाद देत नाही. साधे दंतवल्क पी-एच ५.५ च्या खाली विरघळू लागते, फ्लोराईडवाले ४.५ पर्यंत टिकते. निसर्गाने हे फार पूर्वी करून पाहिले आहे. आपल्याच जिल्ह्यात बागच्या परिसरात, जेथे कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्र शिरला होता, त्या खडकांत शार्क माशांचे दात सापडतात. शार्कच्या दातावरील आवरण फ्लोराईडयुक्त ॲपटाईटचेच असते. तात्पर्य, घडलेल्या दाताला बाहेरून थोडे मिळालेले फ्लोराईड उपकारक, आणि घडत असलेल्या दाताला पोटातून अधिक मिळालेले अपायकारक. म्हणूनच तीन वर्षांखालील मुलाच्या ब्रशावर तांदळाच्या दाण्याएवढीच पेस्ट घ्यावी, तीन ते सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी, आणि ती गिळू न देता थुंकायला शिकवावे.

पाण्याबद्दल भारतीय मानकाप्रमाणे दर लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराईड चालते. दुसरे पाणी मिळतच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत सूट आहे. चव, वास, रंग यांवरून ते ओळखता येत नाही. नितळ, गोड लागणाऱ्या पाण्यातही ते असू शकते. पाणी उकळल्याने ते जात नाही. उलट पाणी आटून थोडे वाढते. तुरटी फिरवून, गाळण्याच्या मेणबत्तीतून किंवा चौपदरी फडक्यातून गाळूनही जात नाही. नागपूरच्या नीरी या संस्थेने १९७० च्या दशकात नळगोंडा पद्धत बसवली. तीत तुरटी व चुना ठरलेल्या मापाने घालून, ढवळून, निवळून घेतात. पण माप पाण्यागणिक बदलते, म्हणून तपासणीशिवाय घरी अंदाजाने करू नये. सक्रिय ॲल्युमिनाचे गाळणे किंवा आर. ओ. यंत्र हे काम करते.

ज्यांच्या घरी गर्भार सून किंवा आठ वर्षांखालील मूल आहे आणि पिण्याचे पाणी विंधणविहिरीचे आहे, त्यांनी ते एकदा लोक स्वास्थ्य यांत्रिकी विभागाच्या जिल्हा प्रयोगशाळेतून तपासून घ्यावे. फ्लोराईड अधिक निघाले तर निदान पिण्यासाठी व स्वयंपाकासाठी दुसरे पाणी आणावे. अंघोळीला, धुण्याला ते चालते. सगळ्या घराला पुरेल इतके चांगले पाणी नसेल तर आहे ते मुलांच्या घागरीत आधी भरावे. आजोबांचे दात घडून झालेले आहेत. मात्र त्यांचे गुडघे-कंबर ताठत असतील तर त्यांच्याही वाट्याला आले पाहिजे. बाळाला अंगावर पाजणे शक्य तितके चालू ठेवावे. वरचे दूध किंवा डब्यातील भुकटी हातपंपाच्या पाण्यात कालवून देणे हे या गावांत सर्वांत वाईट. पोरांना कोरा चहा देण्याची सवय मोडावी, कारण चहाच्या पानात मुळातच फ्लोराईड साठलेले असते. दूध, ताक, नाचणी, तीळ यांतले कॅल्शियम पोटातच फ्लोराईडला बांधून ठेवते. झाबुआकडे काम करणाऱ्यांनी पावसाळ्यात बांधावर उगवणाऱ्या टाकळ्याच्या भाजीचा यासाठी प्रचार केला आहे. तिला तिकडे पुवाडिया म्हणतात. आपल्या कोकणातल्या नातेवाइकांना ती श्रावणात प्रिय असते आणि आपण मात्र तिला तण समजून उपटतो. अर्थात भाजी ही पाण्याला पर्याय नव्हे.

ज्यांचे दात डागाळून चुकले आहेत त्यांनी जत्रेतल्या दात उजळणाऱ्याकडे जाऊ नये. तो आम्ल चोळतो, डाग जातो आणि दंतवल्कही जाते. दंतवैद्याकडे सौम्य डाग वरवर घासून काढण्याचे, खोल डागांवर दाताच्या रंगाचा लेप बसवण्याचे उपाय आहेत. खर्च येतो, पण चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीने तोंडावरचा हात काढावा यासाठी तो करण्याजोगा आहे. तिच्या धाकट्या भावाचे वय मात्र त्याच भेटीत विचारून घ्यावे. तो पाच वर्षांचा असेल तर त्याच्या दुसऱ्या दाढा अजून घडत आहेत, आणि घरचे पाणी बदलायला अद्याप तीन वर्षे हातात आहेत.